जांभ्याचा माळ: काढायचा, भरायचा की राखायचा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. बेळगावजवळच्या राकसकोपच्या बाजूला तुमचा वडिलोपार्जित अडीच एकर माळ आहे. वर वीतभर लाल माती, खाली जांभा, म्हणजे घरांचे चिरे कापतात तो लाल दगड. तुम्ही नोकरीसाठी पुण्यात आहात आणि पाच-सहा वर्षांत गावी परतायचं मनात आहे. शेजारीपाजारी तीन सल्ले देतात. एक म्हणतो, चिरेखाणवाल्याला जांभा काढायला द्या, चार पैसे मिळतील, मग खड्ड्यात तळ्याचा गाळ भरून भात लावा. दुसरा म्हणतो, चारशे फूट बोअर मारा, पाणी लागलं की काहीही पिकवा. तिसरा म्हणतो, काजू लावा आणि निवांत राहा. शिवाय तुमची स्वतःची एक शंका आहे: आपला हा सगळा दगड ज्वालामुखीचा, ज्वालामुखीची जमीन सुपीक असं शाळेत शिकवलं, मग आमच्या माळावर कुसळाशिवाय काही का येत नाही?

बेळगाव, खानापूर आणि चंदगड या तीन तालुक्यांत विहिरी-बोअरच्या जागा बघण्याचं काम मी गेली सव्वीस वर्षं करतो. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न पिकाचा नाहीच. तुमच्या माळावर पडलेलं पाणी कुठे जातं आणि वाटेत त्याला कोण थांबवतं, हा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर मिळालं की तिन्ही सल्ल्यांचा निकाल आपोआप लागतो.

आधी सुपीकतेचं बोलू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पुस्तकात ज्या सुपीक जमिनीचं वर्णन असतं ती जावासारख्या बेटांवरची, जिथे ज्वालामुखी अजून जिवंत आहेत आणि ताजी राख पडत राहते. आपल्याकडे डोंगराच्या टोकातून उडणारा ज्वालामुखी नव्हता. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा थरावर थर पसरत गेला. ही गोष्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीची. आजही दख्खनचा हा काळा दगड जवळपास ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे आणि बेळगाव त्याच्या दक्षिण काठावर बसलंय. महाबळेश्वरकडे त्याची जाडी हजारो फूट भरते, आपल्याकडे येईपर्यंत तो पातळ होतो. खानापूरकडे गेलात की हा थर संपतो आणि त्याच्याहून कितीतरी जुने खडक वर येतात. गोकाकला घटप्रभा जिथून ५२ मीटर खाली उडी घेते तो कडाही ज्वालामुखीचा नाही, तो जुना वालुकाश्म आहे. लोक दोन्हीला काळा दगडच म्हणतात, पण पाण्याच्या हिशेबात दोघांचा काही संबंध नाही.

तर काळा दगड एकच. त्याचं पुढे काय झालं ते पावसानं ठरवलं. बेळगाव शहरात वर्षाला साधारण १२०० ते १३०० मिमी पाऊस पडतो. कणकुंबीला त्याच्या तिपटीहून जास्त, अथणीकडे जेमतेम निम्मा. अथणी, चिकोडी, निपाणीकडे पाऊस बेताचा म्हणून दगड कुजला तरी त्यातला चुना, पोटॅश, सिलिका फारशी वाहून गेली नाही. तिथे काळी, उन्हाळ्यात हातभर भेगा पडणारी, ओल धरून ठेवणारी जमीन तयार झाली. निपाणीचा तंबाखू, चिकोडीचा ऊस तिच्यावर उभा आहे. आपल्या पश्चिमेकडे उलट झालं. चहाच्या भुकटीवर पुन्हा पुन्हा पाणी ओतत राहिलात तर शेवटी काय उरेल? चोथा. जांभा म्हणजे काळ्या दगडाचा चोथा. पिकाला लागणारं जवळजवळ सगळं धुऊन गेलं आणि जे पाण्यात सहज विरघळत नाही ते लोखंड आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं. लोखंडानं तो लाल झाला. ॲल्युमिनियम जिथे जास्त साठलं तिथे बॉक्साइट झालं. चंदगड-राधानगरीच्या सड्यांवरून, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळांवरून, ट्रक भरभरून बेळगावजवळ यमनापूरच्या ॲल्युमिनियम कारखान्याकडे यायचे ते याचेच.

म्हणजे तुमच्या माळाखालचा दगड आणि निपाणीच्या काळ्या रानाखालचा दगड भावंडं आहेत. कानडी शेतकरी लाल जमिनीला मसारी आणि काळीला एरी म्हणतात. दोन्ही शब्द आपल्या मराठी गावांतही सर्रास चालतात, पण या दोन्ही जमिनी एकाच बापाच्या हे फार थोड्यांना माहीत असतं.

आता हा जांभा हातात घेऊन बघू. गावी याल तेव्हा जवळच्या चिरेखाणीत नुकताच कापलेला एक चिरा मागून घ्या. तासाभरापूर्वी कापलेला असेल तर नखानंही थोडा खरवडतो. वाऱ्या-उन्हात राहिला की काही महिन्यांत असा कडक होतो की पहार उडते. फ्रान्सिस बुकानन या प्रवाशानं मलबारात लोक हा दगड विटेसारखा कापताना पाहिले आणि १८०७ मध्ये त्याला विटेच्या लॅटिन शब्दावरून लॅटराइट हे नाव दिलं. चिरा उन्हाला धरून नीट बघा. त्यात बोटाएवढ्या, पेन्सिलीएवढ्या नळ्या दिसतील, वेड्यावाकड्या, आतून पिवळट मातीचा लेप असलेल्या. पाण्याच्या बाटलीतून सावकाश धार सोडा. वर क्षणभरही तळं होत नाही, पाणी आत जातं आणि थोड्या वेळानं खालच्या कोपऱ्यातून ठिबकू लागतं. तुमच्या माळाचं सगळं गणित या एका चिऱ्यात आहे. पाऊस घटाघटा पितो, पण स्वतःजवळ धरत नाही.

मग ते जातं कुठे? जांभ्याच्या खाली बहुतेक ठिकाणी पांढरट-गुलाबी चिकणमातीचा थर असतो. नळीतून उतरलेलं पाणी त्याच्यावर अडतं आणि आडवं सरकत उताराला बाहेर पडतं. आपल्याकडचे झरे टेकडीच्या माथ्यावर नसतात आणि अगदी तळालाही नसतात, कमरेवर असतात, ते यामुळे. त्या चिकणमातीच्या खाली कुजलेला काळा दगड, म्हणजे मुरूम आणि कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे गोटे. त्याच्या खाली अखंड काळा पाषाण. पाषाणाच्या दोन थरांच्या मध्ये कधी भोकाभोकांचा दगड लागतो, त्याला विहीर खोदणारे मांजऱ्या म्हणतात, आणि कधी तांबड्या मऊ मातीची पट्टी लागते. एक लाव्हा थंड होऊन त्यावर ऊन-पाऊस झाला, माती झाली आणि मग दुसरा लाव्हा तिच्यावर येऊन तिला भाजून गेला, तीच ती पट्टी. विहिरीत उतरून तिच्यावर बोट फिरवलं की बोट गेरूनं माखतं.

आता दुसऱ्या शेजाऱ्याचा सल्ला, चारशे फूट बोअर. इथे माझी एक चूक सांगतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी अशाच एका माळावर मी बोअरची जागा दाखवली. यंत्र लावून मोजमाप केलं, आकडे बरे आले. गाडी लागली. पंचेचाळीस-पन्नास फुटांवर धुरळा थांबून गुलाबी चिखल बाहेर आला, ओलाकच्च. मी त्याच्याकडे वरचं पाणी म्हणून दुर्लक्ष केलं. साठ फुटांपर्यंत केसिंग, म्हणजे बोअर ढासळू नये म्हणून घालतात तो पाइप, गेलं आणि पुढे तीनशे ऐंशी फुटांपर्यंत फक्त काळा कोरडा भुगा. त्या शेतकऱ्यानं सोसायटीचं कर्ज काढलं होतं. रात्री घरी येऊन विचार केला तेव्हा लक्षात आलं, त्या माळावर जे काही पाणी होतं ते त्या गुलाबी चिखलातच होतं आणि आपण केसिंग घालून त्यालाच बाहेर कोंडलं. पुढे त्याच माणसाच्या उताराखालच्या बांधालगत पस्तीस फुटांची साधी विहीर काढली. ती एप्रिलपर्यंत पाणी देते.

तेव्हापासून माझा नियम असा: जांभ्याच्या माथ्यावर खोल बोअर हा शेवटचा उपाय. खाली भेगाळ थर किंवा मांजऱ्या सापडला तर लागतं पाणी, नाही असं नाही. काही बोअर उत्तम चालतात. पण जसजसं खोल जाल तसतसा पाषाण बंद होत जातो आणि माथ्यावरून खाली झिरपून तिथे पोचणारं पाणी फार थोडं. उताराच्या पायथ्याला रुंद, उथळ विहीर आपल्या भूगर्भाला जास्त मानवते. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर तुम्ही पाहिली असेल. १९२४ च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखालचं अधिवेशन बेळगावात भरलं, तेव्हा पाण्यासाठी ती खोदली. बोअरची यंत्रं नसताना लोकांनी पाणी कुठून काढलं ते तिच्या काठावर उभं राहिलं की कळतं.

हे सगळं तुमच्या तुकड्याला कितपत लागू पडेल, ते तीन गोष्टींवर ठरेल. पहिली, तुमचा माळ अगदी माथ्यावर आहे की उताराकडे झुकलेला. दुसरी, जांभ्याची जाडी. कुठे ती पाच फूट असते, कुठे चाळीस, आणि शेजारच्या दोन शेतांतही बदलते. तिसरी, खाली चिकणमाती आहे की थेट मुरूम. कागदावर मी यांतलं काहीच सांगू शकत नाही. पण तुम्ही स्वतः बरंच शोधू शकता. जवळच्या रस्त्याची कटाई किंवा जुनी चिरेखाण बघा, तिथे थर उघडे पडलेले असतात. चहूबाजूंच्या विहिरींची पाण्याची खोली दोनदा मोजा, एकदा गणपतीच्या सुमारास आणि एकदा मेच्या मध्यावर. दोरीला दगड बांधून मोजलीत तरी चालेल. दोन मोजण्यांत फरक पंधरा-वीस फुटांचा असेल तर जांभा भराभर रिता होतोय. फरक कमी असेल तर खाली कुणीतरी पाणी अडवून धरलंय, आणि ती चांगली बातमी आहे.

आता पहिला सल्ला, जांभा विकण्याचा. मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते, म्हणून इथे जरा थांबतो.

चंदगडच्या हद्दीलगत एका सड्याच्या कमरेवर एक झरा होता. दगडी कुंडी, तिच्या काठावर कपडे घासून गुळगुळीत झालेले चार धोंडे, वर उंबर. खालच्या वाडीतली पंचवीस-तीस घरं मेपर्यंत त्यावर निभवायची. माथ्यावर एका खाणवाल्यानं चिरे काढायला सुरुवात केली. तीन-चार वर्षांत सुमारे वीस फूट खाली गेले. पावसाळ्यात खाणीत पाणी साचायचं, काम अडायचं, म्हणून त्यांनी एका बाजूनं चर मारून ते पाणी पलीकडच्या उताराला काढून दिलं. पहिल्या वर्षी झरा होळीला बारीक झाला. पुढच्या वर्षी शिवरात्रीलाच कुंडी कोरडी. मला तिथे बोलावलं तेव्हा बायका कुंडीच्या तळाशी वाटी घेऊन बसल्या होत्या आणि ओलसर वाळूतून पाणी टिपत होत्या. मी काही करू शकलो नाही. चर बुजवायला सांगितलं, तो बुजवला, पण वीस फूट जांभा परत घालता येत नाही. झरा पुढे पुन्हा थोडा सुरू झाला, दिवाळीपर्यंत टिकतो. तेवढंच.

यातून मला जे कळलं ते नीट सांगतो, कारण सगळ्या खाणी वाईट असं मी म्हणत नाही. आपली जुनी घरं, देवळं, विहिरींचे काठ, गडांची तटबंदी याच दगडातली आहेत. चार-पाच फूट वरवर काढून पाणी तिथेच साचू दिलं तर खाण पुढे तळ्याचं काम करते, अशा दोन खाणी माझ्या पाहण्यात आहेत. नुकसान होतं ते चिकणमातीच्या थरापर्यंत खाली गेल्यावर आणि पाणी दुसऱ्या बाजूला वळवल्यावर. तुमच्या अडीच एकरांवर १३०० मिमी पाऊस धरला तर वर्षाला १ कोटी ३१ लाख लिटर पाणी पडतं. यातलं काही वाहून जातं, काही उडून जातं, पण जांभ्यात उतरतं तेही थोडं नाही. ते तुमच्या बांधाखाली कुणाच्या तरी विहिरीत, कुणाच्या तरी भातात जातं. जांभा विकलात तर दगडाचे पैसे तुम्हाला मिळतील आणि पाण्याचा तोटा खालच्यांच्या माथी बसेल. शिवाय स्वतःच्या जमिनीतला चिरा विकायचा असला तरी खाण व भूविज्ञान खात्याची परवानगी लागते. आरटीसी उताऱ्यावर, म्हणजे कर्नाटकातल्या सातबाऱ्यावर, नाव तुमचंच असेल, तर पुढे निस्तरायलाही तुम्हालाच लागेल.

खड्ड्यात गाळ भरून भात, ही कल्पना ऐकायला बरी वाटते. पण भाताला पाणी उभं राहायला हवं. शहापूर-येळ्ळूरच्या शिवारात बासमती पिकतो कारण ती खोलगट जागा आहे आणि चहूबाजूंच्या चढांवरून धुऊन आलेली चिकण माती तिथे पिढ्यान्‌पिढ्या साठलीय. माणसानं बांध घातले, निसर्गानं माती आणून दिली. ते शिवार कापून बायपास न्यायचा विषय निघाला तेव्हा शेतकरी इतके का पेटले, हे ती माती एकदा हातात घेतली की कळतं. माळावर तसं काही नाही. खाली चाळणी आणि वर दोन फूट गाळ, पाणी चार दिवसांत गायब.

जुन्या लोकांनी ही विभागणी फार विचारानं केली होती. माथ्यावर गुरं आणि गवत. उताराला नाचणा, रताळी. खोलात भात. खानापूर-चंदगडच्या रानात पूर्वी कुमरी करायचे: झाडोरा तोडून, वाळवून, जाळून त्या राखेत नाचणा पेरायचे. जंगलाचं त्यात नुकसान होतं आणि इंग्रजांनी त्यावर निर्बंध आणले तो भाग वेगळा, पण राख का? लाल माती आंबट असते. धुऊन गेलेला चुना आणि पोटॅश राखेतून थोडा परत मिळतो. माझी आजी चुलीतली राख पावसाळ्याआधी रताळ्याच्या सऱ्यांवर पसरायची. आम्हा मुलांना वाटायचं कीड मारायला करते. तिनं कधी कारण सांगितलं नाही, बहुधा तिच्या आजीनं तिलाही सांगितलं नसेल.

तर तुमच्यासाठी तिसऱ्या शेजाऱ्याचं बरंचसं बरोबर आहे, फक्त निवांत राहा एवढं सोडून. काजूची मुळं जांभ्याच्या भेगांत शिरतात, आंबट माती त्याला चालते. वेंगुर्ला ४ किंवा वेंगुर्ला ७ ची कलमं, झाडांत साधारण पंचवीस फूट अंतर. जांभ्यात खड्डा मोठा घ्या, निदान तीन फूट लांब-रुंद-खोल, आणि तो मेमध्येच घेऊन उन्हात तापू द्या. भरताना वरची लाल माती, कुजलेलं शेणखत आणि घमेलंभर गाळ एकत्र करून भरा. गाळाचा खरा उपयोग इथे आहे, खड्ड्यात, मुळाजवळ. संपूर्ण माळावर पसरायचा असेल तर दोन इंचांपेक्षा जास्त नको आणि तो मातीत मिसळायला हवा, नाहीतर वर पापडी धरून पाणीच आत जाऊ देत नाही. स्फुरद (फॉस्फरस) देताना एक लक्षात ठेवा: या मातीतलं लोखंड आणि ॲल्युमिनियम त्याला धरून बसतं, पिकाला मिळू देत नाही. शेणखतात मुरवून दिलेलं स्फुरद जास्त उपयोगी पडतं. आधी माती परीक्षण करून घ्या, आंबटपणा फार असेल तर चुना टाकावा लागेल.

पहिली तीन वर्षं कलमांना उन्हाळ्यात पाणी घालावंच लागेल, मग ते टँकरचं असो की खालच्या विहिरीचं. मोकळ्या जागेत उताराच्या बाजूला रताळी किंवा नाचणा घ्या. आपल्या भागातल्या रताळ्यांना शिवरात्रीला आणि आषाढीला बाजार असतो आणि वेल जमिनीवर पसरून मातीही धरून ठेवतो. उताराला आडवे, फूट-दीड फुटांचे बांध घाला, दगड माळावरच पडलेत. मात्र पाणी मुरवायला माथ्यावर खोल चर मारू नका. बरेच जण मारतात. जांभ्यात पाणी आपणहून मुरतं, त्याला मदत लागत नाही. अडवायचं ते खाली, पायथ्याला, जिथे ते बाहेर पडतं. तिथे जमीन तुमची नसेल, तर ज्याची आहे त्याच्याशी बोलून भागीत विहीर काढा. आपल्याकडे चार भावांच्या भागीतल्या विहिरी आजही चालतात, पाळी ठरवून.

अडीच एकर सगळेच भरून टाकू नका, हा माझा आग्रह. माथ्यावरचा अर्धा एकर तरी तसाच गवताचा राहू द्या. पावसाळ्यात त्या उघड्या कातळावर काय काय फुलतं ते ऑगस्टच्या शेवटी एकदा येऊन बघा, भर दुपारी, उघडीप असताना.

पुढच्या वेळी गावी याल तेव्हा एवढं करा. माळाच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यात दोन फूट लांब-रुंद आणि तीन फूट खोल खड्डा घ्या, त्यात चार घागरी पाणी ओता आणि ते जिरायला किती वेळ लागला तो लिहून ठेवा. बाहेर निघालेल्या मातीचे प्रत्येक फुटाचे वेगळे ढीग करून उन्हात फोटो काढा. कुठल्या ढिगात पांढरट-गुलाबी रंग दिसला तर तो मूठभर ओला करून वळा. वळकटी न तुटता झाली तर मला लगेच कळवा, मग विहिरीच्या जागेचं बोलू.